भागिले नव्व्याण्णव, गुणिले शंभर

मी एक कॅल्क्युलेटर. आजवर कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. आज न विचारता बोलतोय, तेवढं पोटात घाला.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे मिनिटाला माझी चौदा भावंडं जन्मत, त्यामुळे कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. एका बाईने माझं बटण दाबलं, मी ओळीने आठ आठ दाखवले, आणि पोर जिवंत आहे एवढी खात्री पटताच तिने मला खोक्यात टाकलं. शिक्षण म्हणाल तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि टक्के. एवढ्या शिदोरीवर मी कधी चुकलो नाही. लोक माझ्यासमोर चुकतात, ती गोष्ट वेगळी.

मला विकत घेतलं ते जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका जोडप्याने. मालकाने दुकानदाराशी घासाघीस केली आणि दुकानदाराने तो हिशेब माझ्यावरच केला. स्वतःची किंमत स्वतःच्याच पोटावर उतरताना पाहायची, ही काही संसाराची बरी सुरुवात नव्हे.

धंद्याची जागा रस्त्याच्या वळणावर. मोकळ्या मैदानात ओळीने वीस-बावीस गाड्या, मागे पत्र्याची शेड, पुढे काचेची एक खोली. खोलीत टेबल, किल्ल्यांचा फळा आणि चार खुर्च्या. चौथीचा पाय लुळा होता. ती नको असलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली.

या खोलीत भाव तोंडाने बोलायचा नाही, अशी रीत होती. बोललेला भाव घशात परत घालता येत नाही, असं मालकाचं म्हणणं. तो आपला आकडा माझ्यावर दाबायचा आणि मला फिरवून समोरच्याकडे सरकवायचा. समोरचा सुस्कारा टाकायचा, तो पुसायचा, आपला दाबायचा आणि मला परत ढकलायचा. मध्ये चहा. एकेका सौद्यात माझ्या टेबलावर दहा-बारा खेपा व्हायच्या. बाहेरच्या काही गाड्या तेवढ्याही चालल्या नसतील.

त्या चालत्या ठेवायचं काम शेडमधल्या मेकॅनिकचं. त्याला सगळे पाना म्हणत. उंच, किडकिडीत, कानामागे खडू. बल्ब, फ्यूज, ऑइल असल्या किरकोळ खर्चाचे पैसे तो टेबलाच्या खणातून स्वतः काढून घ्यायचा आणि जाता जाता आकडा सांगायचा. चिठ्ठी नाही, सही नाही. मालकीणबाईंना तो वहिनी म्हणायचा आणि मालकाला दादा.

आता मालकाचं गणित सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी घेतली, तिच्यावर खर्च केला, वर आपले तीस हजार धरले, की जो आकडा होई त्याला मालक ‘मनातला भाव’ म्हणायचा. तो कागदावर उतरवायचा नाही. उतरवला की तो मनातला राहत नाही. या भावावर दहा टक्के चढवायचे, तो आकडा गाडीच्या काचेवर लावायचा, आणि गिऱ्हाईक आलं की मोठ्या मनाने दहा टक्के उतरवायचे. गिऱ्हाईक खूश, आणि आपण पुन्हा मनातल्या भावावर. दहा चढलो, दहा उतरलो, जिथल्या तिथे. हा शोध त्याला लागला त्या दिवशी त्याने रंगाऱ्याला बोलावून चार हात लांब पाटी रंगवून घेतली: ‘प्रत्येक गाडीवर दहा टक्के सूट. बारा महिने.’ तेव्हापासून बाजारात त्याचं नाव दहाटक्के पडलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. आलं नसेल तर मला घ्या आणि दाबा. तीन लाखांवर दहा टक्के चढवले की तीन लाख तीस हजार. तीन लाख तीसवरून दहा टक्के उतरवले की दोन लाख सत्त्याण्णव. चढताना दहा टक्के छोट्या आकड्याचे असतात, उतरताना मोठ्याचे. जिना तोच, पण उतरताना एक पायरी जास्त. मालक ती पायरी दरवेळी चुकायचा आणि कुणी सावरलं नसतं तर तीन हजारांनी खाली पडला असता. पडल्याचं त्याला कळलंही नसतं, कारण गाडी विकायला दोन-तीन महिने लागत, आणि तोवर मनातला भाव मनातूनही गेलेला असे.

मालकीणबाईंच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी मला उचललं, एकदा करून पाहिलं, दुसऱ्यांदा करून पाहिलं, आणि मला हातात घेऊन तडक बाहेर निघाल्या. बाहेर मालक शिडीवर चढून पाटी ठोकत होता. खाली पाना शिडी धरून उभा. मालकाने वरून विचारलं, “कशी दिसते?”

बाई पाटीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग त्याच्या तोंडाकडे, ज्यात तीन खिळे होते आणि तरीही ते हसत होतं.

“डावीकडे जरा वर घ्या,” त्या म्हणाल्या आणि आत आल्या.

आत येऊन त्यांनी माझ्यावर जे दाबलं ते पुढे एकोणीस वर्षं दाबलं. पहिल्या गाडीला मालकाने सांगितलेला काचेवरचा आकडा होता नव्व्याण्णव हजार. भागिले नव्व्याण्णव, गुणिले शंभर. एक लाख. तो त्यांनी ब्रशने पुठ्ठ्यावर काढला आणि गाडीला लावला. त्यातून दहा टक्के उतरवले की बरोबर नव्वद हजार, म्हणजे मालकाच्या मनात होते तेवढेच. नवऱ्याची पाटी खाली उतरवण्यापेक्षा आकडा वर चढवणं त्यांना सोपं वाटलं असावं.

मालक त्या दिवशी भडकला. नव्व्याण्णव हजार म्हटलं की माणूस थांबतो, एक लाख म्हटलं की पळतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्याने ऐकवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “गोल आकडा भरवशाचा वाटतो.”

पुढच्या गाडीला तो म्हणाला तीन लाख तीस, यांनी लिहिलं तीन लाख चौतीस. का, तर तुटका आकडा खरा वाटतो, गोल आकडा मनाने ठोकल्यासारखा दिसतो. दोन लाख वीसचे त्यांनी दोन लाख बावीस हजार पाचशे केले. म्हणे दोनांची ओळ लक्षात राहते. मालक पान्याला म्हणायचा की तुझ्या वहिनीचं जाहिरातशास्त्र दर मंगळवारी बदलतं. पण जाहिरात हे खातं त्यांचं होतं, आणि गाड्या विकल्या जात होत्या, म्हणून तो गप्प बसायचा. वर्षाअखेर धरल्यापेक्षा दहा-बारा हजार जास्तच निघत. त्याला तो बरकत म्हणायचा.

खरोखर त्यांचं खातं बघण्यासारखं होतं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दामागे बारा रुपये पडत. मालक लिहायचा, ‘अतिशय उत्तम, सुंदर, चकाचक स्थितीतील गाडी’. बाई मला पुढ्यात घेऊन म्हणायच्या की ‘उत्तम’चे बारा आणि ‘अतिशय उत्तम’चे चोवीस, गाडी मात्र तीच. मग उरायचं, ‘एकच मालक. चालू.’ सगळ्यात जास्त फोन यायचे ते ‘चालू’ या शब्दाला.

गाडी विकायला येणाऱ्यांचं तर त्या वाटोळं करायच्या. एकदा एक गृहस्थ आठ वर्षांची गाडी घेऊन आले. मीटरवर फक्त एक्केचाळीस हजार किलोमीटर. गाडी अगदी मुलीसारखी सांभाळली, रोज कामावर नेली, पण हळू, असं सांगत होते. कामाचं ठिकाण किती लांब, असं बाईंनी सहज विचारलं. बावीस किलोमीटर. बाईंनी माझ्यावर भागाकार केला आणि मला त्यांच्याकडे सरकवलं.

“दिवसाला चौदा पडतात,” त्या म्हणाल्या. “राहिलेलं अंतर चालत जायचात का?”

गृहस्थ लुळ्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची तेव्हाच कलंडली. मी हसू शकत नाही, पण माझा शून्य त्या दिवशी जरा रुंद झाला होता.

जगाचं खोटं अर्ध्या मिनिटात उघडं पाडणारी ही बाई नवऱ्याची चूक एकोणीस वर्षं पुठ्ठ्याखाली झाकत होती. माझ्या नऊच्या बटणावरचा आकडा त्यापायीच झिजून गेला. मालकाला वाटायचं, बटणच हलक्या जातीचं आहे.

मग एका वर्षी मालकीणबाई आजारी पडल्या. सात आठवडे. त्यात माझा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी मालकाला एक टक्केवारी सांगितली होती. ती त्याने माझ्यावर दाबून पाहिली नाही.

त्या गेल्यावर दुकान दहा दिवस बंद राहिलं. मी उजेडावर चालतो आणि तेव्हा खणात होतो. त्यामुळे ते दहा दिवस माझ्याकडे नाहीत.

दुकान उघडलं. पुठ्ठे आता मालक स्वतः रंगवू लागला. तीन लाख तीस म्हणजे तीन लाख तीसच. त्याचे तीन दोनासारखे दिसत आणि रंग ओघळे, पण गाड्या विकल्या गेल्या, उलट जरा लवकरच. अकरा महिन्यांत अठरा. मग त्याने हिशेब मांडला. अठरा गाड्यांचे तीस तीस हजार म्हणजे पाच लाख चाळीस व्हायला हवे होते. भरले चार लाख शहाऐंशी. चोपन्न हजार गायब. माझ्यावरच भागून पाहिलं: गाडीमागे तीन हजार. चोराने कसं मोजून-मापून नेलेलं.

तिच्याबरोबर बरकत गेली, असं शेजारचा टायरवाला हळहळत म्हणाला. हळहळीत म्हटलेली एखादी गोष्ट इतकी तंतोतंत खरी असू शकते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मालकाने तीन दिवस विचार केला. खणाला हात लावणारी माणसं दोनच. एक तो स्वतः. मी टेबलावर होतो, त्याचं बोट माझ्यावर होतं, आणि त्याने फक्त विचारायचं होतं. तीन हजार कुठे जातात ते त्याने बावीस वेळा विचारलं; दहा चढून दहा उतरल्यावर आपण कुठे पोचतो, ते एकदाही नाही. मला जे विचाराल त्याचंच उत्तर मी देतो. या स्वभावाबद्दल मला त्या आठवड्याइतकी लाज कधी वाटली नाही.

चौथ्या दिवशी पाना बल्बचे पैसे घ्यायला आत आला.

“पान्या,” मालक हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, “यापुढे खणातून काढशील त्याची चिठ्ठी लागेल.”

पाना फडक्याला हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत राहिला. “एकोणीस वर्षांनी चिठ्ठी?”

“गाडीमागे तीन हजार कमी येतायत.”

“म्हणजे मी खाल्ले.”

“मी असं म्हटलं का?”

“नाही. चिठ्ठी म्हटलंत.”

पान्याने दोन्ही खिसे उलटे करून माझ्या शेजारी रिकामे केले. दोन नट, खडूचा तुकडा, अर्धं बिस्कीट आणि एक फ्यूज. फ्यूज दुकानाचा होता. तो त्याने मालकाच्या बाजूला सरकवला, शेडची किल्ली फळ्यावर अडकवली आणि बिस्कीट उचलून निघून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात तीन गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या. एक गिऱ्हाईक हौसेने आत बसलं, किल्ली फिरवली, आणि गाडीतून फक्त उसासा निघाला. चहावाल्याने बातमी आणली की पलीकडच्या चौकातल्या गाडीवाल्याने पान्याला बोलावलंय, एक तारखेपासून जातोय. एक तारखेला चार दिवस होते. मालक म्हणाला, जाऊ दे. आणि त्या दिवसाचा चहा त्याने घेतला नाही.

त्याच दुपारी शिंपीणबाई आल्या. दोन रस्ते पलीकडे त्यांचं शाळांचे गणवेश शिवायचं दुकान; गठ्ठे पोचवायला त्यांना छोटी व्हॅन हवी होती. व्हॅन आठवड्यापूर्वीच आलेली. मनातला भाव दोन लाख, काचेवर दोन लाख वीस. मालकाने सवयीने दहा टक्के उतरवले आणि मला सरकवलं. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार.

बाईंनी आकड्याकडे पाहिलं नाही. बारा महिने दहा टक्के सूट परवडते कशी, एवढंच विचारलं. एरवी मालक हे गुपित कुणाला सांगता ना. पण घरी बोलायला माणूस उरलं नव्हतं आणि शेडमध्येही उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. दहा चढलो, दहा उतरलो, जिथल्या तिथे.

बाईंनी गळ्यातल्या टेपशी चाळा करत ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्ही दर गाडीला तोकडे पडत असणार,” त्या म्हणाल्या.

मालकाला कळलं नाही.

“अहो, दहा टक्के आटणारं कापड असतं आमच्याकडे. मीटरभर लागणार म्हणून नवी पोरगी एकशे दहा सेंटिमीटर कापते. धुतल्यावर किती उरतं? नव्व्याण्णव. पँट घोट्याच्या वर. पहिल्या वर्षी माझ्या चाळीस पँटा अशा गेल्या. या व्हॅनचे तुमच्या मनात दोन लाख होते ना?”

मनातला भाव असा परक्या तोंडून ऐकून मालक दचकला. दोन लाखच होते, आठवड्यापूर्वीचीच गोष्ट. आणि माझ्यावर होते एक लाख अठ्ठ्याण्णव. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच ते दोन हजार गिळलेत.

“पण एकोणीस वर्षं कधी कमी आले नाहीत,” तो म्हणाला. “उलट जास्तच यायचे.”

“मग कापणारं माणूस हुशार असेल,” शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी व्हॅन एक लाख अठ्ठ्याण्णवलाच घेतली. वरचे दोन हजार शिकवणीचे, म्हणाल्या, आणि गियर नीट पडतोय ना ते बघत निघून गेल्या.

 मालकाने कपाटावरचा मालकीणबाईंच्या हातच्या जुन्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. सुतळी सोडली. सगळ्यात खाली होता ‘एक लाख’. ती पहिली गाडी तो विसरणं शक्य नव्हतं. तिच्यावरून भांडण झालं होतं. मनात नव्वद होते. त्याने माझ्यावर एक लाख दाबले, दहा टक्के उतरवले. नव्वद.

मग चौतीसवाला पुठ्ठा. मग दोनांची ओळ. एकेक पुठ्ठा उचलायचा, दाबायचा, बघायचा, खाली ठेवायचा. गोल आकडा भरवशाचा, तुटका आकडा खरा, ओळ लक्षात राहते. एकोणीस वर्षांची सगळी कारणं टेबलावर पडली होती, आणि त्या सगळ्यांच्या मागे कारण एकच होतं. संध्याकाळ झाली. उजेड कमी होत गेला तसा मी फिका पडत गेलो. शेवटी माझ्यावर काही दिसत नव्हतं, तरी तो दाबत होता.

दिवा लावायला तो उठला तेव्हा एकदाच बोलला, तेही मोठ्याने नाही. “सांगायचं ना,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा दुकानाच्या आवाराबाहेर पडलो. मालकाच्या शर्टाच्या खिशात. पान्याच्या घरी पाना ओट्यावर बसून शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करत होता. त्याच्या बायकोने मालकाला पाटावर बसवलं आणि ती आत गेली, पण दाराच्या पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मध्ये एक पालथं खोकं होतं. पाना वर बघेना.

माफी कशी मागतात ते मालकाला माहीत नव्हतं. माहीत होती ती एकच रीत. त्याने मला खोक्यावर ठेवलं, तीन लाख दाबले, दहा टक्के चढवले, दहा उतरवले, आणि मला पान्याकडे सरकवलं. दोन लाख सत्त्याण्णव हजार.

पान्याने पाहिलं. “तीन हजार कुणी घेतले?”

“मी,” मालक म्हणाला. “आणि इतकी वर्षं तुझी वहिनी भरत होती. पुठ्ठ्यावर.”

त्याने ते पुठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा थांबला. पान्याने मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं. दर मंगळवारचं जाहिरातशास्त्र त्यानेही ऐकलेलं होतं; कधी कधी पुठ्ठा धरायला तोच उभा असायचा.  पडद्याखालची पावलं जागची हलली नाहीत.

मग पान्याने मला ओढून घेतलं. पुसलं. आपला महिन्याचा पगार दाबला, अठरा हजार. त्यावर दहा टक्के चढवले आणि मला फिरवून मालकापुढे केलं. एकोणीस हजार आठशे.

“आणि यातले दहा उतरवायचे नाहीत,” तो म्हणाला.

मालकाने मला जवळ घेतलं. मला वाटलं, आता सवयीने घासाघीस करणार. त्याने भागिले दाबलं. मग ते झिजलेलं, आकडा नसलेलं बटण दोनदा. मग गुणिले शंभर. आणि मला हळूच परत सरकवलं.

वीस हजार.

पान्याने मला हातात उचलून उजेडाकडे धरलं. खूप वेळ धरलं.

“गोल आकडा,” तो म्हणाला, “भरवशाचा वाटतो.”

एक तारखेला तो शेडमध्ये होता. बॅटऱ्या चार्ज झाल्या, फळ्यावरची शेडची किल्ली पुन्हा त्याच्या खिशात गेली. पाटी अजून तीच आहे, डावीकडून जराशी वर. मालक अजून दहाच चढवतो, मग माझ्यावर ते दुसरं गणित करतो, आणि मग पुठ्ठा रंगवतो. त्याचे तीन अजून दोनासारखेच येतात.

मी आता म्हातारा झालो. उजवीकडचा आकडा तिरकं बघितल्याशिवाय दिसत नाही. लोक खिशातून फोन काढून माझं उत्तर पडताळतात. ते जुळतं, आणि मला मानहानी वाटते. तुम्ही गाडी घ्यायला आलात तर मला तुमच्याकडे सरकवतीलच. तेव्हा एक विनंती आहे. ज्या बटणावर काही लिहिलेलं नाही ते नऊ आहे, ते जपून दाबा. सूट मागा, दहा टक्के मिळतील. फक्त ती परवडते कशी, हे मालकाला विचारू नका. तो सांगत बसतो, तुमचा चहा गार होतो, आणि मला खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून पडून राहावं लागतं.